जागा घेणारा की हायड्रोजन पळविणारा?

इथेनॉल जास्त प्रमाणातील संहत सल्फ्युरिक आम्लाबरोबर १७० अंश सेल्सिअसपर्यंत तापविले की त्याच्या रेणूतून पाणी निघून जाते आणि इथीन हा वायू मिळतो, हे तुमच्या दहावीच्या पुस्तकात आहे. परीक्षेत १७० हा आकडा विचारतात म्हणून तो पाठही असतो. पण १७० च का, असे विचारणारा विद्यार्थी क्वचित भेटतो. आता गंमत पाहा. तेच इथेनॉल, तेच आम्ल, तोच चंबू. फक्त इथेनॉल थोडे जास्त घ्या आणि तापमान १४० अंशांच्या आसपास धरा. आता इथीन नव्हे, ईथर मिळते. १८४६ साली बोस्टनच्या रुग्णालयात शस्त्रक्रियेपूर्वी रोग्याला हुंगायला दिले होते, तेच हे ईथर. आणि इथीन म्हणजे कच्ची केळी पिकविणारा वायू. तीस अंशांच्या फरकाने एकाच चंबूतून इतके निराळे दोन पदार्थ निघावेत, हे कसे? (ईथरची वाफ ठिणगीचे निमित्त होताच पेटते. तेव्हा हा प्रयोग वाचूनच समजून घ्या.)

याचे उत्तर समजण्यासाठी इथेनॉलपेक्षा थोडा सोपा रेणू घेऊ. इथिल ब्रोमाइड. दोन कार्बन एकमेकांना जोडलेले; त्यांतल्या एकावर ब्रोमीन आणि दोन हायड्रोजन, दुसऱ्यावर तीन हायड्रोजन. ब्रोमीन हे इलेक्ट्रॉनांच्या बाबतीत हावरे असते. कार्बन आणि ब्रोमीन यांच्यामधले दोन इलेक्ट्रॉन ते आपल्याकडे ओढून धरते, त्यामुळे त्याला जोडलेला कार्बन किंचित धन होतो. या रेणूवर आता ऋण प्रभार असलेला एखादा आयन सोडू. इथेनॉलमध्ये सोडियम धातूचा तुकडा टाकला की इथॉक्साइड नावाचा आयन तयार होतो, तो चालेल. त्याच्या ऑक्सिजनवर इलेक्ट्रॉनांची जोडी मोकळी असते आणि ती कोठे तरी बांधण्यासाठी तो उत्सुक असतो.

कबड्डीत चढाईला आलेल्या गड्यासारखी त्याची स्थिती असते. त्याच्यासमोर दोन निशाणे आहेत. पहिले निशाण, ब्रोमीन बसले आहे तो कार्बन. आयनाने आपले इलेक्ट्रॉन या कार्बनाला दिले तर ब्रोमीन आपले इलेक्ट्रॉन घेऊन निघून जाते आणि त्याची जागा ऑक्सिजन घेतो. एक गेला, दुसरा आला. मिळते ते ईथर. ही प्रतियोजन विक्रिया. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील अलेक्झांडर विल्यमसन यांनी १८५० साली याच मार्गाने ईथर बनवून दाखविले होते.

दुसरे निशाण शेजारच्या कार्बनावरचा हायड्रोजन. आयनाने कार्बनाकडे न जाता हा हायड्रोजन पळविला, तर काय होईल? हायड्रोजनला धरून ठेवणारे दोन इलेक्ट्रॉन मागे राहतात. ते दोन कार्बनांच्या मध्ये सरकतात, तिथे दुहेरी बंध तयार होतो आणि त्याच क्षणी ब्रोमीन बाहेर ढकलले जाते. या वेळी आत कोणीच आलेले नाही, दोघे गेले आहेत. उरतो तो इथीन. ही विलोपन विक्रिया.

म्हणजे चढाई करणारा एकच. कार्बनावर गेला तर त्याला केंद्रकस्नेही म्हणायचे, हायड्रोजनावर गेला तर आम्लारी म्हणायचे. नावे दोन असली तरी इलेक्ट्रॉनांची जोडी तीच आहे. विद्यार्थ्यांचा गोंधळ होतो तो येथेच. ते या दोन नावांना दोन निरनिराळे पदार्थ समजतात.

पण हे सगळे मी इतक्या खात्रीने कसे सांगतो आहे? रेणू काही कोणी चढाई करताना पाहिलेला नाही. रसायनशास्त्रज्ञांनी हे शोधून काढले ते मुख्यतः घड्याळ लावून, आणि मला, भौतिकशास्त्र शिकविणाऱ्याला, या विषयातला सर्वांत देखणा भाग हाच वाटतो.

विल्यमसन यांच्याच कॉलेजात, पण सुमारे ऐंशी वर्षांनंतर, एडवर्ड ह्यूज आणि क्रिस्टोफर इंगोल्ड या दोघांनी विक्रियांचे वेग मोजायला सुरुवात केली. युक्ती साधी होती. द्रावणात चढाई करणाऱ्या आयनाचे प्रमाण दुप्पट करायचे आणि विक्रियेचा वेग किती बदलतो ते पाहायचे. इथिल ब्रोमाइडसारख्या रेणूच्या बाबतीत वेग दुप्पट होतो. त्यावरून असे निघते की, ब्रोमीन निघून जाण्याच्या ऐन क्षणी आयन तिथे हजर असलाच पाहिजे. येणे आणि जाणे एकाच झटक्यात घडते.

बरे, तो येतो कोणत्या बाजूने? समोरून, म्हणजे ब्रोमीन आहे त्याच बाजूने, की पाठीमागून? रीगा येथे काम करणाऱ्या पॉल वॉल्डेन यांनी १८९६ मध्ये एक कोडे टाकून ठेवले होते. काही रेणू डाव्या-उजव्या हातांसारखे असतात. एक दुसऱ्याची आरशातली प्रतिमा. असे रेणू ध्रुवित प्रकाशाचे प्रतल फिरवतात, एक प्रकार उजवीकडे आणि दुसरा तितकाच डावीकडे. वॉल्डेन यांनी मॅलिक आम्लावर एकापाठोपाठ दोन प्रतियोजने घडवून आणली आणि शेवटी मॅलिक आम्लच परत मिळविले, पण ते उलट्या हाताचे निघाले! वाटेत कोठे तरी रेणू उलटा झाला होता. कोणत्या पायरीला आणि कसा, हे जवळजवळ चाळीस वर्षे वादात राहिले.

तो वाद मिटविणारा प्रयोग ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३५ मध्ये केला. त्यांनी आयोडोऑक्टेन घेतले. आठ कार्बनांची साखळी आणि तिच्या दुसऱ्या कार्बनावर आयोडीन. सगळे रेणू एकाच हाताचे. ते ॲसिटोनमध्ये विरघळवून त्यात सोडियम आयोडाइड घातले. आता आयोडीन जाणार आणि आयोडीनच येणार! पदार्थ तोच राहणार, मग काही घडले की नाही हे कळणार कसे? येथे त्यांनी भौतिकशास्त्राकडे हात पसरला. न्यूट्रॉनांचा मारा करून काही आयोडीन किरणोत्सारी करता येते, हे तेव्हा अगदी नुकतेच कळले होते. असे आयोडीन द्रावणात मिसळले की त्यातले किती रेणूंत जाऊन बसले ते मोजता येते. मात्र घाई करावी लागते, कारण पंचवीस मिनिटांत त्याचा किरणोत्सार निम्मा होतो.

त्यांनी दोन गोष्टी मोजल्या. एक, आयोडिनाची अदलाबदल किती वेगाने होते. दुसरी, द्रावणाची प्रकाश फिरविण्याची शक्ती किती वेगाने कमी होते. आता आपण हिशेब करू, कागद-पेन्सिल घ्या. समजा सुरुवातीला १०० रेणू आहेत, सगळे उजवे. एकूण परिणाम अधिक १००. एका रेणूत अदलाबदल झाली आणि नवे आयोडीन पाठीमागून आल्यामुळे तो रेणू उलटा झाला. आता ९९ उजवे आणि १ डावा. डावा एक उजव्या एकाला पुसून टाकतो, म्हणून परिणाम उरला ९८. अदलाबदल एक, पण घट दोनाची. याउलट आयोडीन नेहमी समोरूनच येत असते तर घट झालीच नसती. आणि निम्म्या वेळा समोरून, निम्म्या वेळा पाठीमागून येत असते, तर दोन अदलाबदलींमागे दोनाची घट, म्हणजे दोन्ही वेग सारखे निघाले असते. प्रत्यक्ष मोजमापात प्रयोगाच्या अचूकतेत वेग दुप्पट निघाला. एकही रेणू अपवाद न करता पाठीमागून!

जुलैतल्या वाऱ्यात छत्री उलटते, तसे हे होते. नवा अणू पाठीमागून दाबत येतो, कार्बनावरचे इतर तीन अणू किंवा अणुगट छत्रीच्या काड्यांसारखे पलीकडे कलंडतात आणि जुना अणू पुढून निसटतो.

विलोपनाचीही अशीच परीक्षा घेता येते. त्यात हायड्रोजन खरोखरच त्या निर्णायक क्षणी तुटतो का? हायड्रोजनच्या जागी त्याचा दुप्पट वजनाचा समस्थानिक, ड्युटेरियम, बसवा. जड अणूचा बंध तोडायला थोडी अधिक ऊर्जा लागते. आयसोप्रोपिल ब्रोमाइडातील शेजारच्या कार्बनांवर असे ड्युटेरियम बसवून १९५० च्या दशकात इथॉक्साइडाबरोबर विलोपनाचा वेग मोजला, तो जवळजवळ सात पटींनी मंदावलेला निघाला. प्रतियोजनात हा हायड्रोजन कोणी तोडत नाही, म्हणून त्याच्या वेगात असा मोठा फरक पडत नाही. ज्याला हात लागतो त्याचे वजन बदलले तरच फरक पडतो.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. चढाई करणारा कोणत्या निशाणावर जाईल, हे कोण ठरविते?

पहिली गोष्ट गर्दीची. पाठीमागून यायचे तर तिथे वाट हवी. इथिल ब्रोमाइडावर ५५ अंशांना इथॉक्साइड सोडले तर शंभरांतले सुमारे ९० रेणू प्रतियोजनाने ईथर होतात, १० विलोपनाने जातात. ब्रोमीनवाल्या कार्बनावर एक कार्बन आणखी लावा, म्हणजे आयसोप्रोपिल ब्रोमाइड घ्या. चित्र उलटते, प्रतियोजन २१, विलोपन ७९. आणखी एक कार्बन लावून तृतीयक ब्युटिल ब्रोमाइड केले तर पाठीमागची वाट बंदच होते. ५५ अंशही लागत नाहीत, २५ अंशांनाच विलोपन ९१ वर जाते. हायड्रोजन मात्र रेणूच्या बाहेरच्या कडेला असतात, त्यांच्यापर्यंत हात कधीही पोचतो. त्यामुळे विल्यमसन यांच्या रीतीने ईथर बनविताना कोणता तुकडा ब्रोमाइड म्हणून घ्यायचा आणि कोणता ऋण आयन म्हणून, याचा विचार आधी करावा लागतो. गर्दीचा तुकडा ब्रोमाइड म्हणून घेतला तर ईथराऐवजी चंबूच्या तोंडातून वायू निघून जातो आणि माल वाया जातो.

गर्दी चढाई करणाऱ्याच्या अंगावरही असू शकते. अठरा कार्बनांच्या सरळ साखळीच्या टोकाला ब्रोमीन असलेला रेणू घ्या. मेथॉक्साइड या लहानशा आयनाबरोबर त्याचे जवळजवळ सगळे, शंभरांत ९९, प्रतियोजन होते. त्याऐवजी तृतीयक ब्युटॉक्साइड हा फुगीर आयन वापरला तर ८५ विलोपन. तो कार्बनाच्या पाठीशी शिरूच शकत नाही, मग कडेचा हायड्रोजन घेऊन मोकळा होतो. आयोडाइडाची तऱ्हा तिसरी. त्याला कार्बन आवडतो पण हायड्रोजनची फारशी ओढ नाही, म्हणून तो बहुधा प्रतियोजनच करतो.

तृतीयक ब्युटिलच्या बाबतीत घड्याळाने आणखी एक गुपित सांगितले. तृतीयक ब्युटिल क्लोराइड पाणी मिसळलेल्या अल्कोहोलात ठेवले, तर थोडे हायड्रॉक्साइड घाला, दुप्पट घाला, वेग तेवढाच राहतो. म्हणजे मंद आणि निर्णायक पायरीत चढाई करणारा नसतोच. क्लोरीन आधी आपण होऊन निघून जाते, मागे धन आयन उरतो, आणि मग जो कोणी जवळ असेल तो एक तर त्याला चिकटतो किंवा त्याचा हायड्रोजन काढून घेतो. येथेही फाटा तोच, फक्त तो थोडा उशिरा फुटतो.

या प्रयोगातले दोन आकडे तुम्हाला पुढे उपयोगी पडतील. २५ अंशांना विलोपन शंभरांत सुमारे १७. ६५ अंशांना सुमारे ३६. इतर काही बदललेले नाही. तापमान चाळीस अंशांनी वाढले आणि विलोपनाचा वाटा दुपटीच्या वर गेला. आपल्या १४० आणि १७० अंशांचे रहस्य हेच आहे.

असे का व्हावे? प्रतियोजनात एक बंध तुटतो तर त्याच वेळी दुसरा जुळत असतो. जमा-खर्च बराचसा भागतो. विलोपनात हायड्रोजनचा बंधही तोडावा लागतो, म्हणून ओलांडायचा ऊर्जेचा उंबरठा बहुधा अधिक उंच असतो. रेणू सगळे सारख्या वेगाने धावत नसतात. काही थोड्यांकडेच उंबरठा ओलांडण्याइतकी ऊर्जा असते. समजा दोन उंबरठ्यांत दर मोलला १० किलोज्यूलचा फरक आहे आणि बाकी सर्व समान आहे. २७ अंशांना गणित केले तर खालचा उंबरठा ओलांडणारे ५५ असतील तेव्हा वरचा ओलांडणारा १ असतो. १७० अंशांना हेच प्रमाण १५ ला १ होते. उष्णतेने दोन्ही वेग वाढतात, पण उंच उंबरठ्याचा जास्त पटींनी वाढतो. शिवाय विलोपनात रेणूचे तुकडे होऊन कणांची संख्या वाढते, आणि उच्च तापमानाला अशी विस्कटलेली स्थिती निसर्गाला अधिक सोयीची असते.

इथेनॉलच्या चंबूत ब्रोमिनाचे काम पाणी करते. आम्लातला हायड्रोजन आयन इथेनॉलच्या ऑक्सिजनला चिकटला की पाण्याचा रेणू निघून जायला तयार होतो. १४० अंशांना इथेनॉलचा दुसरा रेणू पाठीमागून येऊन त्याची जागा घेतो. म्हणून तर इथेनॉल जास्त लागते. १७० अंशांना शेजारचा हायड्रोजन निघून जाणे पुढे सरकते आणि इथीनचे बुडबुडे येऊ लागतात.

हे सगळे चंबूपुरतेच असते तर परीक्षेपुरते वाचून सोडून दिले असते तरी चालले असते. पण हाच फाटा डासाच्या शरीरातही आहे, आणि तिथे तो आपल्याला फार महागात पडला.

डीडीटी हे संयुग १८७४ मध्ये ओथमार त्साइडलर यांनी प्रथम बनविले. ते कीटक मारते हे १९३९ मध्ये पॉल म्यूलर यांना आढळले आणि त्याबद्दल त्यांना १९४८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घराघरांच्या भिंतींवर डीडीटीचे फवारे बसू लागले. हिवतापाचे रुग्ण घटत घटत १९६५ च्या सुमारास वर्षाला एक लाखाच्या आसपास आले. १९७६ मध्ये ते पुन्हा चौसष्ट लाखांच्या घरात होते. या उलटण्याला अनेक कारणे होती. पैसा कमी पडला, फवारणी ढिली झाली. पण एक मोठे कारण असे की डास डीडीटीला दाद देईनासे झाले होते.

डीडीटीच्या रेणूकडे आता आपल्या नव्या दृष्टीने पाहा. मध्ये दोन कार्बन. एकावर तीन क्लोरीन. दुसऱ्यावर क्लोरीन लावलेली दोन मोठी बेंझीन कडी आणि फक्त एक हायड्रोजन. तीन क्लोरिनांच्या कार्बनावर पाठीमागून जाता येईल का? नाही. इतर क्लोरीन आणि ती दोन अवजड कडी वाट अडवून बसली आहेत. प्रतियोजनाचे दार बंद. पण तो एकटा हायड्रोजन? त्याचे शेजारी त्याच्या बंधातले इलेक्ट्रॉन ओढत असल्यामुळे तो सैल झालेला आहे. अल्कोहोलात विरघळविलेल्या कॉस्टिकबरोबर तो सहज निघतो, त्याबरोबर एक क्लोरीन जाते आणि डीडीई नावाचा पदार्थ बनतो. डीडीई कीटकाच्या मज्जातंतूंवर डीडीटीसारखा परिणाम करीत नाही.

डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाशांत हेच विलोपन करणारे विकर १९५० च्या दशकात सापडले. पुढे डासांतही त्याच जातीची विकरे आढळली. डीडीटी पचविण्याच्या कीटकांच्या काही युक्त्यांपैकी ही एक प्रमुख. हे विकर ग्लुटाथायोन नावाच्या लहान रेणूला हाताशी धरते. त्याच्या गंधकावर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी असते. आपल्या यकृतातही ग्लुटाथायोन असते. तिथे ते क्लोरीन असलेल्या काही विषारी रेणूंवर चढाई करते, क्लोरिनाची जागा घेते आणि त्या रेणूला चिकटून खर्ची पडते, प्रतियोजन. डीडीटीपुढे मात्र कार्बनाची वाट बंद असल्याने तोच गंधक हायड्रोजन ओढून घेतो. ग्लुटाथायोन खर्च होत नाही, पुढच्या डीडीटीच्या रेणूसाठी पुन्हा तयार! ज्या डासांत हे विकर जन्मतःच जास्त होते ते फवाऱ्यांतून वाचले, आणि पुढची पिढी त्यांची झाली.

डीडीईची कथा तेथे संपली नाही. त्याच्याकडे पुन्हा एकदा नीट पाहा. क्लोरीन आता दुहेरी बंधाच्या कार्बनावर आहेत, आणि अशा कार्बनावर पाठीमागून चढाई होत नाही. शेजारच्या कार्बनावर हायड्रोजन उरलेलाच नाही. दोन्ही दारे बंद. म्हणून डीडीई मातीत आणि प्राण्यांच्या चरबीत वर्षानुवर्षे टिकून राहते. लहान मासे मोठे मासे खातात, त्यांना पक्षी खातात, आणि ते वरवर साठत जाते. ब्रिटनमधील डेरेक रॅटक्लिफ यांनी संग्रहांत जपून ठेवलेली बहिरी ससाण्यांची जुनी अंडी तपासली आणि १९६७ मध्ये प्रसिद्ध केले की, डीडीटी वापरात आल्यानंतरच्या वर्षांत त्यांची कवचे पातळ झाली होती. उबवायला बसलेल्या मादीच्या वजनाने ती फुटत. पुढे बदकांना आणि लहान ससाण्यांना डीडीई घातलेले खाद्य देऊन पाहिले, तेव्हा त्यांच्याही अंड्यांची कवचे पातळ निघाली. भारतात शेतीसाठी डीडीटी वापरण्यावर १९८९ मध्ये बंदी आली.